पोकेमॉन कार्डात मित्राला हरवायच्या 'खात्रीशीर ट्रिक्स' आणि त्यातली गडबड

व्हॉट्सअपवर पोरांच्या ग्रुपमधून एक मेसेज फिरतोय, "पोकेमॉन कार्डात मित्राला कायम हरवायच्या पाच ट्रिक्स". त्यात म्हटलंय की डेकमध्ये (साठ कार्डांच्या गठ्ठ्यात) मोठ्या एचपीचे (जितका मार सोसतो तितके पॉइंट) ईएक्स (नावापुढे 'ex' छापलेले भारी पोकेमॉन) भरा, निम्मी कार्डं एनर्जीची (अटॅकला लागणारं इंधन) ठेवा, टॉस जिंकलात की पहिली चाल तुमचीच, भारी कार्डं हातात दाबून ठेवा, आणि समोरून चारिझार्ड (आग ओकणारा ड्रॅगनसारखा पोकेमॉन) आला की पाण्याचा पोकेमॉन काढा. वर बोनस म्हणून, दर चालीला अटॅक करायचाच करायचा. वाचायला सगळं पटतं, पण लिहिणाऱ्याने व्हिडिओ गेम खेळलाय आणि कार्डं फक्त जमवलीयत असं दिसतंय.

चारिझार्डपासूनच सुरू करतो, कारण पोरं सगळ्यात जास्त तिथेच आपटतात.

पाण्याने आग विझते हे खरं, पण आधी समोरचं कार्ड आगीचं आहे का ते तर बघा! ऑगस्ट २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्स सेटमधला जो चारिझार्ड ईएक्स आहे तो चक्क डार्कनेस टाइपचा आहे. एनर्जी लागते फायरची, चित्र चारिझार्डचंच, पण वीकनेस (ज्या टाइपचा मार डबल लागतो ती) ग्रासची. आणि लगेच पुढच्या महिन्यात १५१ सेट आला, त्यातला चारिझार्ड ईएक्स मात्र फायर आणि वीकनेस पाण्याची. नाव तेच, एचपीसुद्धा दोघांचे ३३०. आता तुम्ही मेसेज वाचून पाण्याचा डेक बांधलात आणि मित्राकडे निघाला ऑब्सिडियन फ्लेम्सवाला, तर तुमचा १७० चा अटॅक १७० च लागणार, त्याचे १६० एचपी शिल्लक आणि पुढच्या चालीत तुमचा पोकेमॉन आडवा. तोच १७० ग्रासचा असता तर डबल होऊन ३४०, एका फटक्यात खेळ खलास. वीकनेस कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात छापलेली असते, मित्राला "दाखव रे जरा" म्हणायला कसली लाज.

तसंही चारिझार्ड मोठा होईपर्यंत थांबायचंच कशाला? बेंचवर (मागच्या रांगेत) ६०-७० एचपीचा चारमँडर, म्हणजे चारिझार्डचं लहान रूप, एकटा बसलेला असतो तेव्हाच बॉसेस ऑर्डर्स हे कार्ड टाकून त्याला पुढे ओढा आणि उडवा.

आता तो बोनस, दर चालीला अटॅक. ऑब्सिडियन फ्लेम्सवाल्या चारिझार्डचा बर्निंग डार्कनेस अटॅक १८० चा आहे, आणि तुम्ही घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे (समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायचं बक्षिसाचं कार्ड, सगळी आधी उचलेल तो जिंकला) त्यात ३० वाढतात. समजा तुमचा पुढचा पोकेमॉन २२० एचपीचा आहे. तुम्ही एकही प्राइझ घेतलेलं नाही, तो १८० मारतो, तुम्ही टिकता. एक घेतलंत, २१०, तरी टिकता. पण अटॅक करायचाच म्हणून समोर फेकलेलं एखादं किरकोळ पाखरू मारून दुसरं प्राइझ उचललंत की झाले २४०, आणि तुमचा तो चांगला वाढवलेला पोकेमॉन गेला. म्हणजे चाकूला धार आपणच लावून दिली. एकुलता एक चारमँडर मारून प्राइझ घेतलंत तर तो सौदा फायद्याचा, पण फालतू केओ (नॉकआउट) घेण्यापेक्षा एखादी चाल नुसती बेंच भरण्यात घालवलेली परवडते.

ईएक्सचं पण हेच, हिशोब प्राइझचा आहे. प्राइझ सहा, आणि ईएक्स पडला की समोरच्याला सहसा दोन मिळतात. तुमच्या डेकमध्ये नुसते ईएक्सच असतील तर मित्राला फक्त तीन केओ पुरे. पण मध्ये एकच एक-प्राइझवाला पोकेमॉन त्याच्या गळ्यात मारलात तर दोन, एक, दोन असे पाचच होतात आणि त्याला चौथा केओ घ्यावाच लागतो, म्हणजे तुम्हाला अख्खी एक चाल फुकट मिळाली. शिवाय मोठे इव्हॉल्व्ह होणारे (लहान रूपावर चढवायचे) ईएक्स भरायच्या नादात बेसिक (थेट खेळता येणारे पोकेमॉन) कमी पडतात. साठात चारच बेसिक असतील तर पहिल्या सात कार्डांत एखादा तरी यायची शक्यता जेमतेम ४० टक्के, बारा असतील तर ८१ च्या आसपास. बेसिक आला नाही की हात दाखवा, परत शफल करा, आणि दर वेळी मित्राला एक जादा कार्ड घ्यायची मुभा.

(स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी प्लास्टिकची कार्डं मिळतात ना, त्यांवर एचपी कितीही छापलेले असोत, ती खेळात धरू नका. आणि खरं चमकणारं कार्ड असलं तरी त्याच कार्डाच्या साध्या छपाईपेक्षा ते एक पॉइंटही जास्त मारत नाही.)

निम्मी एनर्जी म्हणजे तर कमालच. पहिल्या हातात सरासरी साडेतीन एनर्जी येणार आणि लावता येते चालीला एकच, बाकीच्या काय लोणच्याला घालायच्या? त्याच डार्कनेसवाल्या चारिझार्डचे टुर्नामेंटवाले डेक सहा-सात फायर एनर्जीवर चालायचे, कारण तो इव्हॉल्व्ह होतानाच डेकमधून तीन ओढून आणतो. घरच्या साध्या डेकला दहा-बारा भरपूर झाल्या.

पहिली चाल घ्यायची की नाही हे डेकवर आहे. पहिल्याला पहिल्या चालीत अटॅक नाही, आणि २०२० पासून सपोर्टर (बॉसेस ऑर्डर्ससारखं मदतीचं कार्ड) पण नाही. बेसिकनेच मारणारा डेक असेल तर दुसरे जा. इव्हॉल्व्ह करायचा असेल तर पहिले जाणं बरं, कारण आपापल्या पहिल्या चालीत कुणालाच इव्हॉल्व्ह करता येत नाही, मग ती संधी आधी तुम्हाला मिळते.

राहिलं हातात दाबून ठेवणं. या खेळात हातातल्या कार्डांना मर्यादा नाही म्हणून लोक नऊ-नऊ कार्डं धरून बसतात, प्रोफेसर्स रिसर्च हे कार्ड टाकायला जीव होत नाही कारण आधी अख्खा हात फेकावा लागतो. पण नवीन सात मिळतात की राव! आधी जे खेळता येईल ते खेळून टाका, मग फेका. आणि मित्राकडे आयोनो हे कार्ड असेल तर दाबून ठेवलेलं तसंही जाणारच आहे, दोघांचेही हात डेकच्या तळाशी जातात आणि ज्याची जितकी प्राइझ शिल्लक तितकीच नवीन कार्डं. तुम्ही जिंकत आलेले, एक प्राइझ बाकी, नऊ कार्डं गेली आणि हातात आलं एक. डिस्कार्डचा (वापरून फेकलेल्या कार्डांचा) गठ्ठा दोघांनाही कधीही बघता येतो, नियमातच आहे, त्यामुळे मित्राचे किती आयोनो पडले ते मोजत राहा. एका नावाची चारच चालतात, चौथं पडलेलं दिसलं की मग धरा खुशाल.