तक्रार निकाली निघाली, संगणक मात्र बंदच आहे

आमच्या मराठी विभागातले नेटवर्क बंद पडले, की त्याची तक्रार विद्यापीठाच्या अंतर्गत संकेतस्थळावर नोंदवावी लागते, आणि ते संकेतस्थळ केवळ विद्यापीठाच्या नेटवर्कवरूनच उघडते. ही व्यवस्था ज्याने आखली त्याला एकदा समोर बसवून मला विचारायचे आहे, की विहिरीत पडलेल्या माणसाने दोरासाठीचा अर्ज वर येऊन द्यायचा असतो, हे त्याला कुठल्या शाळेत शिकवले. फोनवर तक्रार घेत नाहीत. मेलवर घेत नाहीत. स्वतः चालत संगणक केंद्रात गेले, तर खिडकीपलीकडचे गृहस्थ मान वर न करता म्हणतात, "मॅडम, तिकीट नंबर सांगा", आणि नंबर नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी मीही तेथे नसते.

म्हणून मी एक मजला उतरून इतिहास विभागात जाते आणि तेथल्या सरांच्या संगणकावरून तक्रार भरते. यातली खरी मेख मला तिसऱ्या खेपेला कळली. तक्रारीचे ठिकाण अर्जदाराला लिहिता येत नाही. ती ज्या संगणकावरून आली, त्यावरून ते आपोआप भरले जाते. त्यामुळे चार दिवसांनी इंजिनिअर येतो तो इतिहास विभागात, तेथले नेटवर्क उत्तम चालत असल्याचे पाहतो, "समस्या आढळली नाही" असा शेरा मारतो आणि निघून जातो. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश येतो: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया अभिप्राय द्यावा. अभिप्राय ४८ तासांत दिला नाही तर अर्जदार समाधानी आहे असे गृहीत धरले जाते, आणि तो कोठे द्यायचा हे सांगायला नकोच. संगणक केंद्राच्या दप्तरी मी गेली तीन वर्षे अत्यंत समाधानी प्राध्यापिका आहे.

इंजिनिअरवर मी चिडत असे, आता चिडत नाही. तो बाहेरच्या एजन्सीचा कंत्राटी मुलगा आहे, चार इमारती त्याच्या एकट्याच्या गळ्यात आहेत आणि त्याच्या पिशवीत एक स्क्रूड्रायव्हर, एक पेनड्राइव्ह आणि सह्या घेण्यासाठी सर्व्हिस रिपोर्टचे पुस्तक एवढेच असते. एकदा त्याने सरळच सांगितले, "मॅडम, तुम्ही आत्ता क्लोज म्हणून सही द्या, मग मी उद्या येऊन खरंच बघतो. कॉल ओपन राहिला तर आमचे पैसे कापतात." आमच्या तांत्रिक साहाय्याचे सारे मर्म या दोन वाक्यांत आहे. वार्षिक देखभालीच्या करारात मोजली जाते ती बंद झालेली तक्रार. सुरू झालेला संगणक कोणीच मोजत नाही. जे मोजले जाते तेवढेच काम होते, आणि ते आमच्याकडे अगदी वेळेवर होते. मी सही दिली. उद्या काही तो आला नाही, कारण उद्या त्याला दुसऱ्या इमारतीत अशाच सह्या गोळा करायच्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात माझा संगणक फार संथ झाला म्हणून मी तक्रार केली, ही माझी चूकच. मी तासाला गेले असताना संगणक उचलून नेण्यात आला आणि पाच दिवसांनी स्वच्छ पुसून परत आला. फॉरमॅट केल्यानंतर मला विचारण्यात आले, "डी ड्राइव्हमध्ये काही होतं का, मॅडम?" फायलींची प्रत माझ्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर होती म्हणून निभावले. त्या परत चढवल्या आणि २००३ साली श्रीलिपी या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या ओव्यांच्या संकलनाची फाइल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, डॉलरची चिन्हे आणि चौकोन यांची खिचडी. जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडून विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून उतरवून घेतलेल्या त्या ओव्या होत्या. इंजिनिअरने त्या खिचडीकडे क्षणभर पाहिले आणि रिपोर्टवर लिहिले: फाइल करप्ट.

फाइल ठणठणीत होती. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणारी युनिकोड पद्धत सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टांनी देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर संगणकाला तेथे इंग्रजी अक्षरेच दिसतात. एवढे ज्ञान मराठी विभागाला सेवा देणाऱ्याकडे असावे, ही अपेक्षा अवाजवी आहे काय? मूळ सॉफ्टवेअर आणि त्याचे डोंगल, म्हणजे ते चालण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली, माझ्या खणातच होते. पण माझ्या टेबलावरच्या संगणकाचा ॲडमिन पासवर्ड मला द्यायचा नाही, असा नियम आहे. आणि ज्याच्याकडे तो आहे त्याने सांगितले, की हे सॉफ्टवेअर मान्य यादीत नाही. यादीत नाव घालण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीने टिपणी पाठवायची, ती आवक-जावकमध्ये नोंदवायची, मग समितीपुढे ठेवायची. टिपणी जुलैत गेली. त्या यादीत जर्मन शब्दांचे शुद्धलेखन तपासण्याची सोय मात्र आहे, आणि जर्मन विभाग बंद होऊन किती वर्षे झाली ते मी येथे लिहीत नाही.

याच अज्ञानाचा दुसरा अवतार प्रबंध सादर करताना भेटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधाचे इतरांच्या लिखाणाशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर अडचण नसते. त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत गेले की प्रबंध सुधारण्यासाठी परत येतो. एका विद्यार्थ्याचा प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये होता आणि त्याच फॉन्टसह त्याची पीडीएफ तपासणीला गेली. अहवाल आला: साम्य शून्य टक्के. कार्यालयाने त्याचे अभिनंदन केले! तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने मराठीचे एक अक्षरही वाचलेले नव्हते, वाचली होती ती तीच डॉलर-स्वल्पविरामाची खिचडी, आणि तशी खिचडी जगात दुसरी कोठे सापडणार? हे मी लेखी कळवले. उत्तर आले, की अहवाल प्रणालीने दिलेला असून त्यात मानवी हस्तक्षेप करता येत नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

आणि आता विंडोज १०चे नवे प्रकरण. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५पासून या प्रणालीला सुरक्षेच्या सुधारणा पुरवण्याचे नेहमीचे काम थांबवले, म्हणून संगणक केंद्राने परिपत्रक काढले, की सुरक्षेच्या कारणास्तव विंडोज ११ नसलेले संगणक नेटवर्कवरून तोडले जातील. सुरक्षेची काळजी रास्तच आहे, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि आमच्या अकरांपैकी आठ संगणक त्यात बसत नाहीत. नवे घ्यायचे तर आधी जुन्यांचे निर्लेखन करून जडवस्तू नोंदवहीतून ते कमी करावे लागतात. निर्लेखनासाठी संगणक केंद्राचा दाखला लागतो, की हे यंत्र दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे. आणि संगणक केंद्र तो दाखला देत नाही, कारण त्यांनी बटण दाबून पाहिले आणि यंत्र चालू झाले. म्हणजे जे संगणक नेटवर्कला जोडण्यास अपात्र आहेत, ते मोडीत काढण्यासही अपात्र आहेत. धरले तर चावते, सोडले तर पळते.

त्यावर मी एक सूचना केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने विंडोजऐवजी वापरता येणारी बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे, तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. आम्हाला लिहायला, वाचायला आणि मेल पाहायला एवढेच लागते. निदान दोन संगणकांवर ती घालून पाहावी. संगणक केंद्राच्या प्रमुखांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "कल्पना चांगली आहे, मॅडम, पण लिनक्सचा माणूस नाही आपल्याकडे." विंडोजचा माणूस तरी कोठे आहे, हे माझ्या ओठांवर आले होते, चहा त्यांचा होता म्हणून गिळले.

परवा ते आठही संगणक परिपत्रकाप्रमाणे तोडण्यात आले आणि तोडताना उरलेल्या तिघांचीही केबल कोणीतरी काढून ठेवली. एका विद्यार्थिनीला प्रबंधाची पीडीएफ शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. ती आता स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून विभागातल्या बाकावर बसते, आणि त्याचे पैसे तिच्या विद्यावेतनातून जातात, जे स्वतःच चार महिने थकलेले आहे. मी नेहमीप्रमाणे खाली जाऊन तक्रार नोंदवली आणि या वेळी तपशिलाच्या रकान्यात, अक्षरमर्यादा संपेपर्यंत, पुन्हा पुन्हा लिहिले: बिघाड मराठी विभागात आहे, दुसरा मजला, मराठी विभाग, दुसरा मजला.

आज सकाळी अकरा वाजता इतिहासच्या सरांचा फोन आला. "मॅडम, तुमचा इंजिनिअर आलाय आमच्याकडे. वर पाठवतो म्हटलं, तर म्हणतो लोकेशन पहिला मजला दाखवतंय." मी धावत खाली पोचेपर्यंत तो सही घेऊन गेलेला होता. सही सरांचीच होती. त्याचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून त्यांनी दिली.