पिशवी बंद केली आणि निरसं दूध सुरू केलं

परवा सकाळी केंद्रावर कॅन उतरवून घेत होतो, तेवढ्यात लातूरहून अक्काचा फोन. "पिशवीचं दूध बंद केलंय बघ आम्ही. पोरगी आलीय बाळंतपणाला, सातवा संपत आला. उगं कशाला विषाची परीक्षा? आता गोठ्यावरून आणायलोत. समोर धार काढून देतो माणूस. ती तर तिथंच पेलाभर पिती, कोमट असतंय तवर."

"न तापवता?"

"अरे धारोष्ण आहे ते. मेसेजमधी लिहिलंय की."

भूम तालुक्यात चौदा वर्षं दूध संकलन करतोय. दोनेकशे शेतकऱ्यांचं दूध रोज दोन वेळा माझ्या हाताखालून जातं. आणि सख्ख्या बहिणीनं दुधाचं विचारलं कुणाला, तर मोबाइलला. राग आला, खोटं कशाला बोलू.

मेसेज मागवून घेतला. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मजकूर थोडक्यात असा: जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा, भेसळीच्या दुधामुळे २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार. देशात दूध होतं रोज १४ कोटी लिटर, विकलं जातं ६४ कोटी. मधलं सगळं युरिया आणि धुण्याच्या पावडरीचं. पिशवीवर 'टोन्ड' लिहिलंय म्हणजे ते दूधच नाही. पिशवीच्या दुधाला साय येत नाही, ते नासत नाही, म्हणजे रसायन. सुटं दूध बंद करायचा कायदा आलाय, कंपन्यांना जिल्हे वाटून दिलेत. म्हणून पिशवी फेका, गोठ्यावर जा, धारोष्ण प्या. खाली हात जोडलेले.

शेवटापासूनच धरतो. बाकीचं नुसतं खोटं आहे, हे माणूस आजारी पाडणारं आहे.

निरशा दुधातून येणारा एक रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. नाव परकं वाटलं तरी रोग आपल्या गोठ्यातलाच. गाय-म्हैस शेवटच्या महिन्यांत गाभडते, म्हणजे गाभ टाकते, वार अडकते आणि मालक म्हणतो नजर लागली, नाहीतर पाय घसरला. पुढच्या वेताला तीच नीट विते, दिसायला ठणठणीत असते, पण जंतू कासेत मुक्काम करून असतात आणि दुधातून येत राहतात. माणसाला झाला की ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, सांधे धरतात. मलेरियाच्या गोळ्या खाऊन होतात, टायफॉइडच्या होतात, आणि महिना उलटला तरी निदान लागत नाही. गर्भारपणी झाला तर गर्भपाताची भीती. म्हणजे माझी भाची ज्या अवस्थेत आहे, नेमकं त्याच अवस्थेत हे दूध ओठाला लावायचं नसतं. गाईगुरांचा क्षयही याच वाटेनं माणसात येतो. सप्टेंबर २०१९ पासून केंद्र सरकारचा लसीकरणाचा कार्यक्रम चालू आहे, त्यात लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना आयुष्यात एकदा ही लस टोचतात. तुम्ही ज्या म्हशीची धार पिताय तिला टोचली होती का, हे विचारलंय कुणी?

आमच्याच गावात दोन वर्षांमागं एकाची गाय आठव्या महिन्यात गाभडली. त्या मालकानं मेलेलं वासरू हातानं उचलून उकिरड्यावर टाकलं, हौदात हात बुडवला, धोतराला पुसला आणि शेजारच्या गाईखाली धारेला बसला. मी तिथं उभा होतो. संध्याकाळी ते दूध केंद्रावर आलं, मी घेतलं नाही, तर वर्षभर बोलणं बंद. हे दूध टँकरनं डेअरीत गेलं असतं तर तिथं ७२ अंशाला १५ सेकंद तापून जंतू मेले असते. अक्काच्या घरी गॅसवर उकळलं असतं तरी मेले असते. पण ते गोठ्यातच पेल्यात पडलं तर? कोमट असतंय म्हणे. कोमट म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं गरम. जंतूंना त्यापेक्षा सोयीचं काय असणार?

आणि आजी निरसं पिऊन नव्वद वर्षं जगली हे मला ऐकवू नका. आजीला भावंडं किती झाली आणि त्यातली मोठी किती झाली, तेही सांगा मग.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेनं असा इशारा कधीच दिलेला नाही. संघटनेच्या भारतातल्या कार्यालयानं तसं अन्न सुरक्षा प्राधिकरणाला कळवलंय आणि केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं ते जाहीरही केलंय. तेही सोडा. १४० कोटींतले ८७ टक्के म्हणजे १२० कोटींच्या वर माणसं. २०२५ येऊन गेलं. तुमच्या गल्लीत दहा घरांतली नऊ घरं कॅन्सरनं झोपलीत का? मेसेज पुढं पाठवणाऱ्यानं निदान कॅलेंडर तरी बघावं.

१४ कोटी आणि ६४ कोटीचा हिशेब तर पाचवीतल्या पोरानं करावा. सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशात २३ कोटी ९३ लाख टन दूध झालं. ३६५ नं भागा, रोजचं साडेपासष्ट कोटी किलो निघतं. म्हणजे 'विकलं जातं' म्हणून जो आकडा दिलाय, साधारण तेवढं दूध देशात होतंच, आणि त्यातलं बरंचसं विक्रीला न येता घरीच राहतं. १४ कोटी कुठून आणलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मेसेज खरा धरला तर रोज ५० कोटी लिटर नकली दूध बनायला हवं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरा, रोजचे ५० हजार टँकर झाले. एवढी धुण्याची पावडर दुधात जात असती तर कपडे धुवायला उरली नसती.

मग भेसळ नाहीच का? आहे. पण कसली, हे बघायला एकच कागद पुरे. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ साली मे ते ऑक्टोबर देशभरातल्या १,१०३ गावा-शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, सुटं आणि पिशवीचं दोन्ही. त्यात जिवाला अपाय होईल अशी भेसळ निघाली १२ नमुन्यांत. सहांत हायड्रोजन पेरॉक्साइड, तिनांत डिटर्जंट, दोनांत युरिया, एकात सोड्यासारखा आंबटपणा मारणारा पदार्थ. साडेसहा हजारांच्या आसपास नमुन्यांत बारा. यातले नऊ तेलंगणातले होते, महाराष्ट्रातला एकही नव्हता. आता हे नमुने ५० हजारांवर वस्तीच्या गावांतले, खेड्यातले नव्हेत, हे मी स्वतःच सांगतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच.

त्याच कागदात पुढं आहे की ४१ टक्के नमुने कुठल्या ना कुठल्या दर्जाच्या निकषात बसले नाहीत. हे मेसेजवाल्यांचं आवडतं वाक्य. यात विष नाही. फॅट कमी, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) कमी, कुठं साखर, कुठं माल्टोडेक्स्ट्रिन नावाची स्टार्चची पावडर. सरळ भाषेत, पाणी मारलं आणि पातळपणा झाकायला काहीतरी कालवलं. ही चोरी आहे, आणि ती करणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. पण चोरीला खून म्हणायचं नसतं.

एक गोष्ट मात्र अक्काच्या बाजूची आहे, नाइलाजानं मान्य करतो. त्या तपासणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१, म्हणजे बुरशीचं विष, मर्यादेबाहेर होतं, आणि सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ते जास्त सापडलं. हे कुणी मुद्दाम घालत नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड, भिजलेला मका जनावराच्या पोटात गेला की दुधात उतरतं. उकळूनही जात नाही. माझ्या केंद्रावरच्या मशीनला ते दिसतही नाही, मशीन फॅट सांगतं, एसएनएफ सांगतं, बास. मराठवाड्यात पावसाळ्यात पेंडीची पोती कशी भिंतीला ओल खात पडतात हे मी रोज बघतो. शिवाय ७७ नमुन्यांत प्रतिजैविकं निघाली. दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजलेल्या गाईच्या सडात औषधाची ट्यूब सोडायची आणि दुसऱ्या दिवशी तेच दूध कॅनमध्ये ओतायचं, याचं उत्तर मला परजिल्ह्यात शोधायला जायची गरज नाही. पण हीच पेंड आणि हीच ट्यूब गोठ्यावाल्याकडेही असते की. 'पिशवी फेका' हे त्यावरचं औषध कसं झालं?

टोन्डचं ऐका. यात अर्धं खरं आहे. टोन्ड दूध सुरू झालं तेच पाणी घालून, तेही सरकारी दूध योजनेतून. मुंबईत १९४० च्या दशकात दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळून ते आणलं, गरिबाला परवडावं म्हणून. पुढं १९६३ ला त्यांना अमूलचे कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे मिळालं. पण आज टोन्ड म्हणजे फॅट ३ टक्के, एसएनएफ ८.५, डबल टोन्ड दीड आणि ९, फुल क्रीम ६ आणि ९. हे पिशवीवर छापलेलं असतं, वाचायचं. निळी पिशवी, हिरवी पिशवी यावर जाऊ नका, रंग ज्याची त्याची कंपनी ठरवते. साय येत नाही कारण काही दुधात फॅटचे कण मशीननं बारीक केलेले असतात, ते वर तरंगत नाहीत. आणि नासत नाही म्हणणाऱ्यानं मे महिन्यात लातुरात पिशवी ओट्यावर ठेवून दुपारी बघावं. महिनोन् महिने टिकतं ते खोक्यातलं दूध, ते १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक डब्यात बंद केलेलं असतं. दुधात टिकवायचं रसायन घालायला कायद्यानं परवानगीच नाही.

कायद्याचा मुद्दा कुणीतरी जुन्या पेटीतून काढलाय. १९९२ च्या केंद्राच्या दूध आदेशात रोज दहा हजार लिटरच्या वर दूध हाताळणाऱ्या डेअरीला नोंदणी होती आणि कुणी कुठल्या भागातून दूध उचलायचं ते क्षेत्र नेमून दिलं जायचं. ती क्षेत्रवाटणी २००२ मध्ये रद्द झाली, आणि २०११ ला तो आदेशच गेला, सगळं अन्न सुरक्षा कायद्याखाली आलं. २०११ च्या नियमांत रोज ५०० लिटरपर्यंत दूध गोळा करणाऱ्याला वर्षाला १०० रुपये भरून साधी नोंदणी पुरे असं ठरलं. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला तीही माफ केली. सुटं दूध विकायला बंदी नाही. दुधाच्या भावाचं रडगाणं खरं आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये गाईच्या लिटरला डेअरीचे २८ आणि सरकारी अनुदानाचे ७ असे ३५ ठरले तेव्हा कुठं जरा श्वास घेतला होता. पण तो विषय वेगळा, त्यात कॅन्सर कालवू नका.

रविवारी भाचीला बघायला लातूरला गेलो. येताना त्या गोठ्यावरचं अर्धा लिटर बाटलीत घेतलं, बर्फाच्या पेटीत ठेवलं. 'शुद्ध म्हशीचं', लिटरला ८० रुपये. केंद्रावर मशीनला लावलं. फॅट ४.६, एसएनएफ ६.४. म्हशीचं चांगलं दूध साडेसहा आणि नऊला लागतं. गाईचं मिसळलं असतं तर फॅट पडली असती, एसएनएफ आठच्या वर राहिला असता. इथं दोन्ही एकाच हिशेबात पडले म्हणजे शंभरात तीसेक भाग पाणी. समोर धार काढतो ना? बादलीत आधीच कास धुवायचं म्हणून पाणी असतं, ते तो ओतून टाकत नाही, एवढंच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हासुद्धा दुधाला पाणी कमी पडलं नव्हतं, हे अक्काच सांगत असते. आणि ते बादलीतलं पाणी पोरगी न तापवता पीत होती.

अक्काला आकडे कळवले. आधी म्हणाली, मशीन बिघडलं असेल तुझं. मग गवळ्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, उन्हाळ्यात म्हैस पाणी लई पिती, काय करावं?

अजून त्याच्याकडूनच घेते. पण घरी आणते, आणि चांगली उकळी फुटल्याशिवाय पोरीला देत नाही.