‘पाठ करा आणि पुढे चला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या बाउंडेड वाइल्डकार्डवरच्या (‘? एक्स्टेंड्स नंबर’ म्हणजे नंबर किंवा त्याचा कुठलाही उपप्रकार, ‘? सुपर’ म्हणजे तो प्रकार किंवा त्याच्या वरचा) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘एवढं चऱ्हाट कशाला? प्रोड्युसर असेल तर एक्स्टेंड्स, कन्झ्युमर असेल तर सुपर, हे पाठ केलं की विषय संपला. रीड-ओन्ली हा शब्दही चुकीचा आहे. लेखकाने खरा प्रोजेक्ट कधी पाहिलाय का? आता कोटलिन आहे, आणि असले विषय मराठीत लिहूच नयेत.’ नाव न देता, सगळं एका दमात. (प्रोड्युसर म्हणजे ज्यातून मूल्यं काढायची ते, कन्झ्युमर म्हणजे ज्याला मूल्यं द्यायची ते.)

रीड-ओन्लीचं, म्हणजे ‘फक्त वाचता येणारी यादी’ याचं, आधी. लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर> मध्ये नल (‘काहीच नाही’ असं मूल्य) घालता येतो, क्लिअर आणि रिमूव्हही चालतात. तेव्हा तो शब्द तिथे सैल पडला, हे मान्य. लेखात बदल केलाय. पण ‘हा शब्द बदला’ एवढं सरळ सांगून भागलं असतं. त्यासाठी माझा अनुभव काढायची गरज नव्हती.

आणि काढलाच आहे तर ऐका. जेनेरिक्स (यादीत कोणता प्रकार राहील ते आधीच लिहून ठेवायची सोय) आले 2004 मध्ये, जावा 5 बरोबर. त्याआधी मी जावा 1.4 वर पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. लिस्टमधून बाहेर येईल ते ऑब्जेक्ट, मग ते कुठल्या प्रकारचं ते हाताने सांगायचं, म्हणजे कास्ट करायचं. भत्त्यांच्या यादीत एका मॉड्यूलने इंटिजर टाकला, दुसऱ्याने लाँग, आणि ऐन महिनाअखेरीला क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना ‘प्रकार जुळत नाही’ म्हणून येणारी एरर. कोड चालण्याआधी तपासणाऱ्या कंपायलरने तोवर चकार शब्द काढला नव्हता. लोकांचे पगार अडकले की फोनवर काय ऐकावं लागतं, ते मी ऐकलंय. म्हणून कंपायलर एखादी ओळ नाकारतो तेव्हा ती का नाकारतो, हे सांगायला मी चार परिच्छेद घेतो. पुढेही घेईन.

आता तुमचं ते वाक्य, ‘पाठ केलं की विषय संपला’. हे सूत्र ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकाचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनी रूढ केलं आणि ते उत्तमच आहे, पण कारण आधी कळलेलं असेल तर. नवशिक्या अडतो तो वेगळ्याच जागी. इंटिजर हा नंबरच आहे ना, मग लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर> मध्ये ॲड करताना एरर का येते? कारण त्या व्हेरिएबलमागे लिस्ट<इंटिजर> असेल किंवा लिस्ट<डबल> असेल. नंबरच्या घरातला कुठला तरी एक प्रकार आहे, याहून जास्त कंपायलरला काही माहीत नाही. डबलच्या यादीत इंटिजर शिरता कामा नये, म्हणून नल सोडून तो काहीच आत घेत नाही.

ॲरेच्या बाबतीत ही खबरदारी नाही. इंटिजरचा ॲरे नंबर[] मध्ये ठेवा आणि त्यात 3.5 टाका. कंपाइल बिनबोभाट होईल, चालवलंत की ॲरेस्टोअरएक्सेप्शन, म्हणजे चुकीचा प्रकार ठेवल्याची एरर. हे ज्याने स्वतः चालवून पाहिलं, त्याला सूत्र घोकावं लागत नाही.

यादी क्रमाने लावणाऱ्या कलेक्शन्स.सॉर्टचं डिक्लरेशन बघा (टी म्हणजे यादीतला प्रकार, कम्पेरेबल म्हणजे कोणत्या प्रकाराशी तुलना करता येते ते): <टी एक्स्टेंड्स कम्पेरेबल<? सुपर टी>>. इथे सुपर कशाला? जावा.एसक्यूएल.डेट हा जावा.युटिल.डेटचा सबक्लास. कम्पेअरटू, म्हणजे तुलना करणारी मेथड, त्याला वरून मिळते, म्हणजे तो कम्पेरेबल<जावा.युटिल.डेट> आहे, स्वतःच्या प्रकाराचा कम्पेरेबल नाही. नुसतं कम्पेरेबल<टी> लिहिलं असतं, तर लिस्ट<जावा.एसक्यूएल.डेट> सॉर्टला देताच आली नसती. मुलाखतीत मी हे हटकून विचारतो. सूत्र घडाघडा म्हणणारे बरेच जण इथे गप्प होतात, कारण त्यांची नजर लिस्टवर खिळलेली असते आणि टी स्वीकारणारा असतो तो कम्पेरेबल. तुम्ही हे न बघता सांगितलं असतंत? मला शंका आहे.

कोटलिन या भाषेत एक्स्टेंड्स आणि सुपरच्या जागी आउट आणि इन आहेत, विचार तोच. मराठीत लिहावं की नाही यावर मी वाद घालणार नाही. मी लिहिणार.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, जशीच्या तशी आहे. पुन्हा लिहाल तेव्हा सॉर्टमधल्या त्या सुपरबद्दल लिहा, आणि खाली नाव टाका.