मुलींना वजनं उचलू द्या, गुडघ्यांसाठी तरी

"मुलींचे गुडघे नाजूकच असतात" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. खेळणाऱ्या मुलीचा एसीएल (गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) फाटला की कुणीतरी हे बोलतं आणि विषय तिथेच मिटतो. जणू हे तिच्या नशिबातच होतं.

फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉलसारख्या खेळांत मुलींचा एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांच्या किमान २ पट आहे, हे खरं. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकाला लिआ विल्यमसन, बेथ मीड आणि विवियाने मिडेमा तिघीही मुकल्या. तिघी आर्सेनल क्लबच्या, तिघींची दुखापत हीच, आणि तीही एकाच हंगामात. कारण विचारलं की रुंद कंबर आणि हार्मोन्स सांगितले जातात. असतीलही, पण कंबरेची हाडं आपण बदलू शकत नाही. स्नायू बदलू शकतो. मग बोलणं त्यावर नको का व्हायला?

यातल्या बहुतेक दुखापती कुणाच्या धक्क्याने होत नाहीत. मुलगी उडी मारून एका पायावर उतरते किंवा पळता पळता झटकन वळते, गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आत झुकतो आणि लिगामेंट जातं. पाय टेकल्यापासून हे घडायला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. विचार करायला वेळच नसतो. म्हणून बाहेरून "गुडघा आत नको पाडू" असं कितीही ओरडा, नितंबाचे स्नायू कमजोर असतील तर मांडी आत वळणारच. मांडीचा पुढचा स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतो, ते मागे धरून ठेवते ती मांडीच्या मागची हॅमस्ट्रिंग. ती कमी पडली की सगळा ताण लिगामेंटवर येतो.

वयात येताना मुलांची ताकद आपोआप झपाट्याने वाढते. मुलींची उंची वाढते, वजन वाढतं, ताकद मात्र त्या वेगाने वाढत नाही. ती मुद्दाम कमवावी लागते. आणि नेमक्या त्याच वयात आपण तिला जिमपासून लांब ठेवतो! उंची खुंटेल, अंग पुरुषी दिसेल, पाय जड होतील. यातलं एकही खरं नाही. गेलीच जिममध्ये तर हातात एक-एक किलोचे डंबेल. त्याने धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलीला काय होणार? तिला स्क्वॉट हवेत, डेडलिफ्ट हवेत, एका पायावरचे लंज, नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून अंग हळूहळू पुढे झुकवायचा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम), पोटरीचा व्यायाम हवा. आधी पद्धत नीट शिकवायची आणि मग वजन हळूहळू, पण खरोखर वाढवायचं. आठवड्यातून दोनदा पुरतं. सामने सुरू झाले की हा व्यायाम बंद करायची सवय तर फारच वाईट, कारण कमावलेली ताकद थांबलं की ओसरते.

हे नुसतं माझं मत नाही. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा वॉर्मअप दिला: एका पायावरचे स्क्वॉट, लंज, प्लँक, उडी मारून नीट उतरणं. २०१२ साली निष्कर्ष आले, एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी. फिफाचा '११ प्लस' वॉर्मअपही याच धर्तीचा आहे आणि त्याला २० मिनिटं लागतात. धोका शून्य होत नाही, कुठल्याच व्यायामाने होणार नाही. पण फाटलेल्या एसीएलची किंमत बघा: शस्त्रक्रिया, मैदानात परतायला किमान नऊ महिने, पुन्हा फाटण्याची भीती आणि अनेकींना ऐन तिशीत संधिवात. सोळा वर्षांच्या मुलीसाठी नऊ महिने म्हणजे अख्खा हंगाम, कधीकधी निवडीची एकमेव संधी.

आई-बाबांनो, मुलीला अकादमीत घालताना कोचला सरळ विचारा: मुलींना ताकदीचा व्यायाम कोण शिकवतं, आठवड्यातून किती वेळा, आणि वजन कसं वाढवता? "मुलींना त्याची काय गरज" असं उत्तर आलं, तर दुसरी अकादमी शोधा.