मशीननं दात साफ केले की हलतात म्हणे!

खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा 'दातांच्या डॉक्टरांचं गुपित', शेवटी नेहमीचंच 'पुण्य कमवा, पुढे पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: दातांवरचा पिवळा कडक थर म्हणजे निसर्गानं दिलेलं प्लास्टर, डॉक्टर तो मशीननं काढतात म्हणून दात सैल होतात. मोहरीचं तेल आणि मीठ चोळलं की हलणारा दात ७ दिवसांत घट्ट. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या सगळ्यांत मजबूत. हिरडीतून रक्त आलं की ब्रश बंद करा. जुन्या लोकांनी कधी दवाखाना पाहिला नाही, तरी दात शाबूत. वरची दाढ काढली की नजर जाते. आणि शुगरवाल्यांनी तर दातांच्या दवाखान्याची पायरीच चढू नये.

एरवी मी असल्या मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण खानापूरच्या मामीनं दात साफ करायची घेतलेली वेळ रद्द केली. फोनवर म्हणाली, "नको गं बाई, हायत ते दात तरी ऱ्हाऊ देत." मामीला शुगर आहे आणि खालचे पुढचे दोन दात हलतात. म्हणजे जिला सगळ्यांत आधी जायला हवं, तिलाच या मेसेजनं घरी बसवलं. शाळेत विज्ञान शिकवून आयुष्य गेलं, आता घरातच शिकवायची वेळ आली!

त्या 'प्लास्टर'चंच आधी बघू. तो थर म्हणजे कीटण. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो, तो रोज निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरून काही दिवसांतच तो दगड व्हायला लागतो. म्हणून तर कीटण सगळ्यांत जास्त दोन ठिकाणी दिसतं, खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. लाळेच्या मोठ्या नळ्या तिथंच उघडतात. निसर्गाला प्लास्टरच करायचं असतं तर त्यानं बरोबर लाळेच्या नळ्यांसमोरच का केलं असतं? दहा-बारा वर्षांचं पोर चिक्कोडीच्या फडात बसून दातानं ऊस सोलतं, त्याच्या दातांवर कीटणाचा कण नसतो. त्याचा दात कोण धरून ठेवतं?

दाताला धरून ठेवणाऱ्या गोष्टी चार. वरून दिसते ती हिरडी. दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचं पातळ कठीण आवरण. त्याच्या भोवती जबड्याच्या हाडातली खोबण. आणि मुळाचं आवरण व हाड यांच्या मधे सुमारे ०.२ मिलिमीटरची फट, तिच्यात असंख्य बारीक तंतू. या तंतूंचं एक टोक मुळाच्या आवरणात रुतलेलं, दुसरं हाडात. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तो या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. बहुतेक तंतू तिरके असतात, त्यामुळे भाकरी चावताना दात खाली दाबला गेला की ते ताणले जातात आणि जोर हाडावर ओढ म्हणून पोचतो, धक्का म्हणून नाही. याच फटीत रक्तवाहिन्या आहेत, स्पर्श कळणाऱ्या नसा आहेत. भातातला एवढासा खडा दाताखाली आला की घास जागच्या जागी थांबतो तो या नसांमुळे.

आता यात कीटण कुठं आलं? कुठंच नाही. ते दातावर बसतं आणि हिरडीच्या कडेखाली सरकतं. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात १ ते ३ मिलिमीटर खोल खाच असते. कीटणाच्या खरखरीत पृष्ठभागावर जिवंत जंतू चिकटून राहतात, हिरडी सुजते, आणि पुढं काही लोकांत ही सूज हाडापर्यंत जाते. मग शरीराच्या बचावाच्या धडपडीतच हाड झिजायला लागतं, तंतू सुटतात, खाच ४, ५, ६ मिलिमीटर होते. आणि हे बहुतेक वेळा न दुखता. दुखलं असतं तर लोक वेळेवर गेले तरी असते.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. साफ केल्यावर काही दिवस दात सैल वाटतात, थंड पाणी झोंबतं, दातांमधे फटी दिसतात. हे होतं. पण हाड आधीच गेलेलं असतं, फट आधीच झालेली असते. शेजारशेजारच्या दातांवरचा कीटणाचा जाड पट्टा त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवत होता, एवढंच. तो निघाला आणि खरी अवस्था उघड्यावर आली. मेसेजवाल्यानं नेमकं हे उलटं धरलंय. हिरडीची सूज उतरली की बऱ्याच जणांचे दात नंतर थोडे घट्टही होतात. पण ज्याचं हाड फारच गेलंय त्याचा दात वाचत नाही, आणि मग 'साफ केला आणि पडला' अशी गोष्ट गावभर होते.

तेल-मिठाबद्दल फार लिहायची गरज नाही. आपल्याकडं मोहरीचं तेल कोणाच्या फडताळात असतं? मेसेज कुठून तरी उत्तरेकडून आलाय हे त्यावरूनच कळतं. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरली तर बरं वाटतं, भरा. पण तेलाचं बोट हिरडीच्या वरून फिरतं, आणि झालेलं नुकसान आत खोलवर असतं. दाताभोवतीचं हाड बदलत नाही असं नाही. पोरांच्या दातांना तारा लावतात तेव्हा मुळाच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. पण त्याला महिनोन् महिने लागतात आणि त्यासाठी ते तंतू शाबूत लागतात. ७ दिवसांत, चोळून, गेलेलं हाड परत येत नाही.

मिश्रीचं वाक्य मात्र इथल्याच कुणीतरी मधे घुसडलंय, आणि राग त्याचाच जास्त येतो. निपाणीचा तंबाखू हा आपल्या भागातल्या हजारो घरांचा भाकरतुकडा आहे, १९८१ चं शेतकरी आंदोलन कोण विसरेल? त्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. पण तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तोच तंबाखू सकाळी आणि जेवणानंतर हिरडीवर घासायचा, आणि वर त्याला औषध म्हणायचं? हिरडी बधिर होते, ठणका कळत नाही, म्हणून बरं वाटतं. तंबाखू ओढणाऱ्यांत तर हिरडीतून रक्तही कमी येतं, म्हणजे रोग आत चालू आणि वरून सगळं ठीक. 'मजबूत हिरडी' म्हणतात ती बऱ्याचदा हीच. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. १९९२ पासून देशात पेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. घरच्या तव्यावर कोण छापा घालणार! सासूकडून सुनेकडं आलेली सवय आहे ही, त्यामुळे बायकांना नुसतं ओरडून काही होत नाही हे मलाही कळतं. पण निदान तिची जाहिरात तरी करू नका.

'जुन्या लोकांचे दात शाबूत' याचं उत्तर श्रीलंकेत मिळतं. हाराल्ड लोए हा नॉर्वेचा दंतवैद्य आणि त्याचे सहकारी यांनी तिथल्या चहामळ्यातल्या ४८० मजुरांचे दात १९७० पासून तपासायला सुरुवात केली आणि १५ वर्षं पाठपुरावा केला. हे मजूर ब्रश वापरत नव्हते, दातांचा दवाखाना त्यांना माहीत नव्हता. जवळपास सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. त्यातल्या सुमारे ८ टक्के लोकांचं हाड झपाट्यानं गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा रोग हिरडीच्या सुजेपलीकडं गेलाच नाही. तुमचे आजोबा त्या ११ टक्क्यांतले असतील. खरंच असतील! पण आपण त्यांतले आहोत का हे आधी कळत नाही, आणि बाकीच्या ८९ टक्क्यांच्या आजोबांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

रक्त आलं की ब्रश बंद, याचंही उत्तर याच माणसाकडं आहे. १९६५ साली त्यानं डेन्मार्कमधे १२ निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं ते सुजेमुळं, आणि सूज न घासल्यामुळं. मऊ ब्रश घ्या, हळू घासा, पण थांबू नका.

नजरेचं तर काय सांगायचं. वरच्या दातांची नस मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या जोडीची शाखा, बघण्याची नस दुसऱ्या जोडीची. वय वाढतं तसे दातही जातात आणि मोतीबिंदूही होतो, दोन्ही एकाच वर्षी झालं की झाली दंतकथा तयार.

राहिली शुगर. हिरडीचा रोग आणि मधुमेह एकमेकांना वाढवतात. शुगर ताब्यात नसेल तर हाड लवकर झिजतं, आणि हिरडीत सतत सूज असेल तर शुगर ताब्यात ठेवणं अवघड जातं. म्हणजे शुगरवाल्यानं दातांकडं जास्त जायला हवं, कमी नाही. जाताना अलीकडचा शुगरचा रिपोर्ट न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, पण स्वतःच्या मनानं ती बंद करू नका. उपाशी जाऊ नका, सकाळची वेळ घ्या. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत, दोन्हीकडं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. तिथं बारीक सळईनं प्रत्येक दाताभोवतीची खाच मोजतात. आकडे विचारून कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तेच आकडे परत मोजायला सांगा.