चाळीसचे चौसष्ट

मामांचा फोन आला तेव्हा मी निवांत बसलो होतो. त्यानंतर तीन दिवस नव्हतो.

"काय नाही रं, त्या ॲपात दुधाचा दर तेवढा बदलून दे. चाळीसचे चौसष्ट कर."

मामांच्या तासगावजवळच्या गोठ्यात सहा म्हशी आहेत आणि चाळीसेक घरी त्यांचा रतीब जातो. २०१८ साली मी नुकताच अँड्रॉइड शिकलो होतो, आणि नवीन काही शिकलेल्या माणसाला नातेवाईक म्हणजे प्रयोगशाळाच वाटते. मी मामांना रतिबाचं ॲप करून दिलं. रोजचं दूध टाकायचं, महिनाअखेर प्रत्येक घराचं बिल व्हॉट्सॲपवर. दर मी थेट कोडमध्येच लिहिला होता: ४०. तो बदलायची सोय 'नंतर करू' म्हणून ठेवली. दुधाचा दर वाढतो, एवढी साधी गोष्ट सहा म्हशींच्या मालकाच्या भाच्याला सुचली नाही.

असो. एक आकडा बदलायचा. चाळीस खोडून चौसष्ट लिहायला मला चार सेकंद लागले. उरलेले तीन दिवस, ते लिहिलेलं चालवायला.

अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप लिहायच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनं तो प्रोजेक्ट उघडताच 'हे फार जुनं आहे, अपग्रेड करू का?' असं विचारलं. मी भिडेखातर हो म्हटलं. मग पडद्यावर ज्या लाल रेघा उमटल्या त्या पाहून दहावीची गणिताची उत्तरपत्रिका आठवली. सगळं पूर्ववत केलं आणि ठरवलं की जुन्या ॲपला जुनीच हत्यारं आणायची, तीही टर्मिनलवरून (आज्ञा टंकायची साधी खिडकी), म्हणजे कुणी मधे प्रेमळ सल्ले देणार नाही.

यादी तशी छोटी होती. अँड्रॉइड ९ चं एसडीके, म्हणजे ॲप बांधायची हत्यारपेटी; तिचा नंबर एपीआय २८. बिल्ड टूल्स २८.०.३. हे सगळं जोडून ॲप बांधणारं ग्रेडल ४.६. आणि ही हत्यारं जिच्यावर चालतात ती जावा ८. अँड्रॉइड ९ आलं ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याचं नाव पाय. तोवर जवळजवळ प्रत्येक आवृत्तीला गोडाचं नाव असे. कपकेक, डोनट, जेली बीन, ओरिओ. पुढच्या वर्षी दहावी आवृत्ती आली आणि गूगलनं जाहीरपणे गोड बंद केलं. आमच्या घरात हे वयाच्या पन्नाशीला होतं, तिथे दहालाच झालं.

जुनी पॅकेजेस आणायला एसडीके मॅनेजर लागतो. त्याची झिप उतरवली. नावात सात-आठ आकडी नंबर आणि शेवटी 'लेटेस्ट'. गंमत म्हणजे या हत्याराची चार वर्षांपूर्वीची झिप शोधलीत तरी तिच्याही नावात 'लेटेस्ट'च असतं. गावाकडे सत्तरीच्या म्हाताऱ्याला सगळे बाळासाहेब म्हणतात, तसलाच प्रकार. झिप सोडवून आज्ञा दिली तर उत्तर आलं की एसडीकेचं मूळ घर कुठे आहे ते कळत नाही. झिपमधून 'सीएमडीलाइन-टूल्स' नावाचा फोल्डर निघतो. तो तसाच ठेवून चालत नाही. 'सीएमडीलाइन-टूल्स' नावाच्या फोल्डरात 'लेटेस्ट' नावाचा फोल्डर करायचा आणि आतला ऐवज त्यात ठेवायचा. २०१८ सालचा माल आणायला निघालेला मी 'लेटेस्ट' नावाची खोली बांधत बसलो.

यादीप्रमाणे जावा ८ घातली आणि पुन्हा आज्ञा दिली. आता त्यानं सांगितलं की हा प्रोग्राम ६१ साठी बनवलाय आणि तुमच्याकडची जावा ५२ पर्यंतच ओळखते. माझ्याकडे तर जावा ८ होती! ही ६१ आणि ५२ कुठली? अर्ध्या तासानं उलगडा झाला. इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक निघतो ना, तसे या आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती निघते. ६१ म्हणजे १७. ५२ म्हणजे ८. हे जावानं स्वतः करून सांगितलं असतं तर तिचं काय बिघडलं असतं, हा माझा जुना प्रश्न आहे.

थोडक्यात, मॅनेजरला जावा १७ हवी. घातली. मॅनेजर खूश. एपीआय २८ मागवलं.

इथे मला शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या. पॅकेजचं नाव 'प्लॅटफॉर्म्स', मग अर्धविराम, मग 'अँड्रॉइड-२८' असं असतं. मी तसंच्या तसं टंकलं. उत्तर आलं, 'प्लॅटफॉर्म्स' नावाचं पॅकेज सापडत नाही. आणि त्याखाली, 'अँड्रॉइड-२८' नावाची आज्ञा अस्तित्वात नाही. बाईंनी शिकवलेला अर्धविराम वाक्य जरा थांबवून पुढे नेतो. टर्मिनलात तो वाक्य संपवतो आणि नवं सुरू करतो. नावाला अर्धा, कामाला पूर्ण. सगळं नाव अवतरणचिन्हांत घातलं की भागतं. विरामचिन्हांसाठी बाईंनी कापलेले दोन गुण मला इतक्या वर्षांनी पटले.

मग आले परवाने. लांबलचक इंग्रजी मजकूर सरकत जातो आणि खाली प्रश्न, मान्य आहे का? कंसात लहान वाय आणि मोठा एन. मोठा एन याचा अर्थ नुसतं एंटर दाबलंत तर 'नाही'. मी नुसतं एंटर दाबत गेलो. सगळं नामंजूर करून, पुन्हा पहिल्यापासून. यावर युनिक्समध्ये जुना तोडगा आहे. 'येस' नावाची एक आज्ञा असते, तिचं आयुष्यभराचं काम म्हणजे अखंड वाय, वाय, वाय छापत राहणं. शुद्ध होयबा. तिला मॅनेजरच्या पुढ्यात बसवलं आणि चहा टाकायला गेलो.

परत आलो तर सगळं उतरलेलं. आता फक्त ग्रेडल. त्याच्याबाबतीत २०१८ च्या मी एक शहाणपणा केला होता (तेव्हा तो शहाणपणा आहे हे माहीत नव्हतं): ग्रेडलचं रॅपर, म्हणजे नेमकी आवृत्ती उतरवून घेणारी छोटी स्क्रिप्ट, प्रोजेक्टसोबतच ठेवलं होतं, त्यामुळे ४.६ आपोआप उतरलं. उतरलं आणि म्हणालं, '१७' पासून सुरू होणारा तो पूर्ण आकडा अवतरणचिन्हांत लिहून, की यावरून जावाची आवृत्ती ठरवता आली नाही.

तो आकडाच आवृत्ती आहे, बाबा! तू स्वतः वाचलास, स्वतः लिहून दाखवलास. खिडकीवरचा कारकून आधार कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचतो आणि मग विचारतो, "नाव काय?"

ग्रेडल ४.६ हे जावा १७ च्या कितीतरी आधीचं. त्याला ८ च हवी. मॅनेजरला ८ चालत नाही, ग्रेडलला १७ चालत नाही, आणि दोघांची कामं एकाच घरात. 'जावा होम' नावाचा एक चल (व्हेरिएबल) असतो, कुठली जावा वापरायची ते सांगणारा. तो ज्या टर्मिनलात बदलाल तेवढ्यापुरताच बदलतो. म्हणून दोन खिडक्या उघडल्या. डावीकडे १७, उजवीकडे ८. थोरल्याचा वरचा मजला, धाकट्याचा खालचा, जिना वेगळा. मी दर वेळी चुकीच्या जिन्यानं चढत होतो हा भाग निराळा.

तिसऱ्या दिवशी रात्री 'बिल्ड सक्सेसफुल' अशी ओळ आली. बायकोला उठवून दाखवली. तिनं "किती बदललंस?" विचारलं. मी "एक आकडा" म्हटल्यावर ती पुन्हा झोपली.

सकाळी फाइल मामांना पाठवली. त्यांच्या फोनची काच २०१९ सालापासून तडकलेली, पण फोन तोच. थोड्या वेळानं फोन आला.

"ते म्हणतंय, इन्स्टॉल झालं नाही. आधीच्या पॅकेजशी काय तरी भांडण हाय."

मी कपाळाला हात लावला. अँड्रॉइडच्या प्रत्येक ॲपवर एका किल्लीची सही असते, आणि नव्यावर तीच सही नसेल तर ते जुन्याच्या जागी बसत नाही. माझी जुनी किल्ली जुन्या लॅपटॉपमध्ये, आणि जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊन आम्ही फ्रिज घेतला होता.

"मामा, जुनं काढून टाकावं लागेल. पण मग आतला सगळा हिशोब जाईल हो."

"काढ की. वहीत हाय सगळा."

"वहीत? मग ॲप कशाला?"

"बिलाला. कागदावर लिवलं तर लोक घासाघीस करत्यात. मोबाइलवरनं आलं की गुमान देत्यात."

मला आणखी एक शंका आली. "मामा, दर तर दोन वर्षांपूर्वीच साठ झाला होता ना? ॲपात तर चाळीसच होता."

"मग? एका लिटरला दीड लिटर टाकायचो. अर्ध्याला पाऊण. बरोब्बर साठ बसायचं."

"आणि गिऱ्हाईक?"

"खालचा आकडा बघत्यात सगळी. वरचं कोण वाचतंय? आता चौसष्टाला बसंना. मामी म्हणली एक पूर्णांक सहा दशांश. म्हटलं, त्यापरीस भाच्यालाच सांगू, दोन मिनिटांचं काम."

जुनं काढलं, नवं बसलं. बिल निघालं, बरोबर निघालं. मामा खूश.

"आणि आयक, पाडव्याला सत्तर करावं म्हणतोय. तवा हितनं बदलता येतंय न्हवं?"

मी चाळीस खोडून चौसष्ट लिहिले होते. तेवढंच केलं होतं.

"बघतो," म्हटलं. दोन्ही खिडक्या अजून उघड्याच होत्या.