इटलीतली दुपार आणि गाईंची वेळ

इटलीत राहायला आलोय म्हटल्यापासून व्हॉट्सॲपवर दोनच प्रश्न येतात. व्हेनिस झालं का, आणि तिथला पिझ्झा कसा असतो. आम्ही व्हेनिसला नाही, नोवेल्लाराला आहोत. नवऱ्याच्या कंपनीने त्याला मशीनच्या कामासाठी इथे पाठवलंय. रेज्जो एमिलिया जिल्ह्यातलं छोटं गाव, पो नदीच्या खोऱ्यातला ताटासारखा सपाट प्रदेश, नजर जाईल तिथवर चारा आणि मका, मधूनमधून पॉप्लरच्या रांगा. उन्हाळ्यात डास, हिवाळ्यात दाट धुकं. सिनेमातल्या त्या टस्कनीच्या टेकड्या इथे नाहीत. गोंझागा घराण्याची जुनी गढी आहे, जवळच कमानींच्या ओवऱ्यांनी वेढलेला मोठा चौक आहे, आणि गावाचं जे काही चालतं ते त्या चौकात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पूर्ण पोस्ट वाचायला नको. 'इटालियन लोक किती निवांत असतात' हे आपण रील्स बघून ठरवलंय. निवांतपणा आहे, नाही असं नाही. पण तो सोवळ्यासारखा पाळला जातो. वेळ चुकली की संपलं.

साडेबारा वाजले की चौकातली शटर खाली यायला लागतात. साडेतीनपर्यंत, कुठे कुठे चारपर्यंत, गावात चिटपाखरू नसतं. आठवड्यातली एक दुपार तर काही दुकानं पुन्हा उघडतच नाहीत. (हे पुण्याच्या मैत्रिणीला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "मग?") खाणावळीचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते एकदम संध्याकाळी साडेसातला चालू. मध्ये तुम्ही कितीही भुकेले असा, बारमध्ये सँडविच खा आणि गप्प बसा. आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, वय पंचाहत्तरीच्या पुढे. किल्ल्या देतानाच त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा कचरा बाहेर ठेवायचा, आणि एक ते तीन आवाज नाही. मिक्सरसुद्धा नाही. त्यामुळे आमच्याकडे चटणी सकाळीच वाटली जाते.

बार म्हणजे आपल्याला वाटतो तो बार नाही. सकाळी सातला सगळं गाव तिथे उभं असतं. उभंच. काउंटरला टेकून एस्प्रेसो दोन घोटांत संपवायची, सव्वा-दीड युरो ठेवायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं 'चाव' म्हणायचं आणि कामाला लागायचं. सगळं मिळून तीन मिनिटं. आणि आपण समजतो हे लोक दिवसभर कॉफी पीत बसतात! बसलेले असतात ते फक्त म्हातारे, कोपऱ्यातल्या टेबलावर पत्ते कुटत. त्यांच्यातल्या एकाने पान चुकवलं की होणारा आरडाओरडा ऐकून मला माझ्या सगळ्या काकांची आठवण येते. दुकानात शिरताना आधी नमस्कार करायचा, मग काय हवं ते सांगायचं. तो राहिला तर कोणी बोलून दाखवत नाही, पण पुढचा मिनिटभर तुमच्याकडे बघतही नाही.

चौकाजवळ एक फलक आहे, त्यावर निधनाच्या चिठ्ठ्या लागतात. नाव, वय, अंत्यविधी कधी, कोणत्या चर्चमध्ये. फोटो असलाच तर पासपोर्टएवढा, आणि खाली शोकाकुल कार्यकर्त्यांची यादी नाही. सायकलवरून जाणारा प्रत्येक जण तिथे एक पाय टेकून वाचतो. वयं बघितली तर अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, चौऱ्याण्णव. गाव म्हातारं होतंय, देशच होतोय. 2023 मध्ये सहा कोटींच्या जवळपास लोकसंख्येच्या या देशात चार लाखांहून कमी मुलं जन्माला आली.

खाण्याबद्दल थोडं लांबवते, माफ करा. घरमालकीणबाई एका रविवारी मला खाली घेऊन गेल्या. ओट्यावर मैद्याचं आळं करून त्यात अंडी फोडली, पाणी अजिबात नाही. मळून झालं की आपल्या लाटण्याच्या दुप्पट लांब लाटण्याने लाटायला सुरुवात. पोळी लाटण्यावर गुंडाळायची, तळव्याने दाब देत बाहेरच्या बाजूला ताणायची, फिरवायची, पुन्हा गुंडाळायची. शेवटी खिडकीसमोर धरून बघितली, आरपार उजेड दिसला तेव्हा बाईंचं समाधान झालं. आत पालक, रिकोत्ता नावाचं मऊ चीज आणि भरपूर पार्मेजान, म्हणजे इथलं कडक चीज. ही तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, 23 जूनच्या रात्री, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या दिवशी, अंगणात टेबलं मांडून दव पडेपर्यंत खायची इथली पद्धत आहे. शाकाहारींनी हुरळून जाऊ नये. काही घरांत पालक डुकराच्या चरबीवर परततात, आणि खऱ्या पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडणारं रेनेट असतंच, नियमच आहे तसा. माझ्या सासूबाईंना हे कोणी कळवू नये.

त्या पार्मेजानपाशीच माझं निवांतपणाबद्दलचं मत पक्कं झालं. एक चाक साधारण चाळीस किलोचं. त्याला पाचशे लिटरच्या वर दूध लागतं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट टाक्यांत ठेवायचं, सकाळी वरची साय काढायची, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळायचं आणि तांब्याच्या कढईत घालायचं. मग किमान बारा महिने मुरवायचं. त्यानंतर एक माणूस छोटा हातोडा घेऊन येतो, चाकावर ठकठक करून कान देतो आणि आत पोकळी आहे की नाही ते आवाजावरून सांगतो. हे बघायला सगळे जातात, फोटोही काढतात. पण हे सगळं जमायचं तर गाई रोज दोनदा पिळल्या गेल्या पाहिजेत. पहिली धार उजाडायच्या आत, दुसरी दुपारी, गावाची झोप संपता संपता. गाईंना रविवार नाही, नाताळ नाही. इथल्या तरुणांना ते काम नको झालं, आणि 1980-90 च्या दशकांत पंजाबातून माणसं आली.

नोवेल्लाराच्या वेशीवर गुरुद्वारा आहे. 2000 साली युरोपियन कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मी नांदेडची. लंगरमध्ये शेजारी बसलेल्या सरदारजींनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं नांदेड. त्यांनी पोळी खाली ठेवून हातच जोडले. "हजूर साहिब!" पुढचा अर्धा तास माझ्या ताटात डाळ संपली नाही. आयुष्यभर नांदेड म्हणजे कुठे हे लोकांना समजावून सांगितलंय, लातूरजवळ, परभणीच्या पुढे वगैरे. इथे पो नदीच्या काठी पहिल्यांदा गरज पडली नाही.

हे सरदारजी काका वीस वर्षांहून जास्त काळ गोठ्यात आहेत. पंधरा ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तो असतो, वर्षातली सगळ्यात मोठी उन्हाळी सुट्टी, बेकरीसुद्धा 'समुद्रावर गेलो आहोत'ची चिठ्ठी लावून बंद. त्याच दिवशी आपला स्वातंत्र्यदिन. दोन्ही देशांची सुट्टी आणि काका पहाटे चारला धारा काढतायत. मला गावाची दुपार आवडते, मीसुद्धा आता झोपते. पण त्या झोपेची किंमत कोण चुकवतं हे न सांगता 'जगावं तर इटालियनांसारखं' अशा पोस्ट टाकणं मला जमणार नाही.

आणि एक गोष्ट मला अजिबात पटलेली नाही. काकांची मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, घरमालकीणबाईंच्याच ढंगात बोलते. पासपोर्ट भारतीय. कारण काकांनी आपला सोडला नाही, गावाकडे जमीन आहे, आई आहे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. 1992 च्या कायद्याप्रमाणे इथे जन्मलेल्या परदेशी मुलांनी अठरा वर्षं सलग इथेच राहायचं आणि अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभराच्या आत नागरिकत्व मागायचं. मोठ्यांसाठी दहा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ती पाचवर आणायला जून 2025 मध्ये सार्वमत झालं, पण निम्म्याहून जास्त मतदारांनी मत दिलं तरच ते वैध ठरतं आणि तीसेक टक्केच लोक फिरकले. मी घरमालकीणबाईंना विचारलं, तुम्ही गेला होतात का? "उन्हं फार होती गं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मुलीला हाताला धरून तोर्तेल्लीचं लाटणं शिकवत होत्या. प्रेमळ आहेत हो, खरंच. पण मत द्यायला जायला हवं होतं.